कुठली सोपी?

नारायण पेठेत, लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या वर
आमचे वर्ग. जिना तुम्ही पाहिलातच,
एका वेळी एकानंच चढावं.
फॉर्म माझ्याकडे, पावती माझ्याकडे.
त्या खुर्चीचा मागचा पाय हलतो, जपून बसा.
हं, विचारा.

कुठली सोपी, स्वाहिली की थाई?

दोघींच्या मधे प्लायवुड आहे,
प्लायवुडच्या टोकाला माझं टेबल.
अकरा वर्षं एक कान तिकडे, एक इकडे.
फी मी एकीचीही भरलेली नाही,
तेव्हा माझं कितपत ऐकायचं ते तुम्ही ठरवा.

स्वाहिलीत शिरलात की दारातच ओळखी निघतात.
दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी,
बिमा म्हणजे विमा.
देवस्थळी म्हणून होते, एलआयसीतून निवृत्त,
पहिल्या दिवशी पेढे घेऊन आले.
तिसऱ्या आठवड्यात किताबू आलं.
एक असेल तर किताबू, दोन असली की विताबू.
की गेला, वि आला,
आणि मागचं सगळं वऱ्हाड तसलेच फेटे बांधून:
विताबू विझुरी विविली.
पुस्तकं, चांगली, दोन.
देवस्थळी तिथून परत आले नाहीत.

पण बराका सर मला विचारतात,
फळा तो, खुर्ची ती, टेबल ते, हे कुणी ठरवलं?
त्यांच्याकडे तो आणि ती, दोघांना मिळून एकच येये.
मी म्हटलं, मराठीचा वर्ग वेगळा, फी वेगळी.

त्यांचं घड्याळ सूर्य उगवल्यावर सुरू होतं.
आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक.
नवीन होते तेव्हा मी चिठ्ठी दिली, वर्ग सातला.
भर दुपारी एकला हजर.
सहा तास जिन्यात बसले,
छापखान्याच्या पोरांना आकडे शिकवत.

थाईत क्रियापद शहाणं आहे.
काल जा, आज जा, उद्या जा,
मी जा, तुम्ही जा, कुणालाही काही चिकटत नाही.
सुनिसाबाई पाली शिकायला पुण्यात आल्या आणि राहिल्या,
त्यांच्या फळ्यावर आपलीच माणसं परक्या कपड्यात:
गुरूचा ख्रू, भाषेची फासा, नगराचं नखोन.
चंद्र लिहितात पूर्ण, वाचतात नुसता चान.
उरलेला चंद्र कागदावरच राहतो.
शब्दांमधे जागा सोडत नाहीत,
ओळ आपली रविवारच्या लक्ष्मी रोडसारखी, कुठून कुठे तुटते कळत नाही.

आणि सूर पाच. इथं मी अडकले.
क्लाय सपाट म्हटलं तर दूर.
तेच क्लाय वरून खाली सोडलं तर जवळ.
प्लायवुडपलीकडून पंधरा जण एका दमात म्हणतात,
दूर, जवळ, दूर, जवळ,
आणि इथं पावत्या फाडताना माझी बेरीज चुकते.

मुलगी माझी वाघोलीला असते.
क्लाय. कुठल्या सुरात म्हणावं मला अजून ठरवता आलेलं नाही.
रविवारी फोन येतो.
थाईत फोनला थोरासाप म्हणतात,
लिहिताना त्यात आपला दूर दिसतो, आपला शब्दही.
परवा तिला सांगितलं, स्टेपलर बोटात घुसला.
ती म्हणाली, बघून काम करायचं ना.
बरोबरच आहे, मीच शिकवलंय तिला असं बोलायला.
बराका सरांनी नुसतं म्हटलं होतं, पोले.
दुखलं, दमलात, बस चुकली, माणूस गेलं,
सगळ्याला पोले.
मराठीत एवढं छोटं काही असेल तर मला सांगा.

तर सोपी कुठलीच नाही.
फॉर्मच्या मागं एक रकाना आहे, का शिकायची त्याचा.
बहुतेक जण रिकामा ठेवतात. चालतो.
पेन परत द्या.

उतरताना तुळई खाली आहे, डोकं...

लागलं?
पोले.