परिचय, पन्नास शब्दांत

मुंबईच्या हापिसातून मेल आलाय :
परिचय पाठवा, पन्नास शब्दांत.
शिक्षण, अनुभव, विशेष प्रावीण्य. फोटो टाय घालून.

शिक्षण : बी.कॉम., दुसऱ्या खेपेला.
अनुभव : पिग्मीची वही, रेक्झिनची पिशवी,
चेन उतरणारी सायकल.
गंगावेशीतून शुक्रवार पेठ,
पंचगंगेच्या अंगाला उतरून परत वर.
रोज पाच रुपये, रोज दहा.
दूधकट्ट्यावर सोनाक्का सासने
म्हशीच्या कासेवरचा हात न काढता
हनुवटीनं डबा दाखवायची : घे त्यातलं.
नोटांना धारोष्ण वास.
मी सही करायचो.

मग एका मंगळवारी संस्थेच्या शटरला
दोन कुलपं. एक आमचं, एक सरकारचं.
चेअरमन बेळगावला गेलेले, लग्नाला.
(ते लग्न अजून चालू आहे.)

संध्याकाळी मी कट्ट्यावर गेलोच.
का गेलो, सांगता येत नाही. पिशवी रिकामी होती.
सोनाक्का म्हणाली, "तुझा काय दोष न्हाई रं पोरा.
पर उद्यापासनं हिकडं येऊ नगंस."
पेला भरून दूध दिलं.
त्याचे पैसे मात्र मोजून घेतले.

परीक्षा मी त्यानंतर दिल्या. सगळ्या, पहिल्या फटक्यात.
आता राजारामपुरीत काचेचं दार आहे.
फौंड्रीवाले येतात, डॉक्टर येतात,
हुपरीचे चांदीवाले येतात,
ज्यांच्या हाताला कागदावरच्या पैशाचं वजन लागत नाही.
मी विचारतो : जोखीम किती सोसवेल?
मध्यम, म्हणतात. सगळेच मध्यम म्हणतात.
मी शेजारी बसलेल्या बायकोच्या बोटांकडे बघतो
आणि एक पायरी खालचं लिहितो.
हे प्रावीण्य.

परवा उत्तम सासने आला. उद्यमनगरात तीन लेथ आहेत त्याचे.
महिन्याला पाच हजार टाकायचे म्हणाला.
उठता उठता खिशातून निळी वही काढली.
"आई गेली फेब्रुवारीत. तुमच्याकडं द्यायला सांगितलंवतं."

शिल्लक चार हजार तीनशे बारा.
प्रत्येक ओळीपुढं माझी सही :
सुरुवातीला पूर्ण नाव, वेलांट्या जपून,
शेवटी शेवटी नुसती रेघ.

पन्नास शब्द केव्हाच संपले.
'व्यवस्थापनाखालील मालमत्ता' असा एक रकाना आहे.
एकशे चाळीस कोटी लिहिलं,
पुढं अधिकचं चिन्ह काढलं, चार हजार तीनशे बारा.
रकाना तांबडा झाला :
आकडा कोटीतच भरा.