पाठ

दुसरा बूटही गेला.
सीलच्या कातड्याचा, आईने शिवलेला.
टाचेपाशी दातांची बारीक नक्षी.

बाप असता तर
चाबकाचा दांडा खुंटीवरून उतरला असता.
दांडा अजून तिथेच आहे.
पिपालुक त्यावर ओले हातमोजे वाळत घालते.

ती ओरडत नाही.
नुसती पाठ फिरवते
आणि खिडकीतून बघत राहते
इलुलिसातची खाडी, एक होडी,
कुणाचं तरी धुणं, फळीसारखं कडक झालेलं.

मागे नखांची टकटक.
थांबते.
मग एक कुईं, अगदी बारीक,
कुणी दार किलकिलं करावं तशी.
ती वीसपर्यंत मोजते.
बापाची मोजणी तीनवर संपायची.

वळते तेव्हा
पिल्लू बसलेलं, तिरपं, एका कुल्ल्यावर,
शेपटीने जमीन झाडत.
सुक्या माशाचा तुकडा. कानामागे दोन बोटं.

उद्या पुन्हा काहीतरी कुरतडलं जाणार, ठाऊक आहे तिला.
पण पुढच्या हिवाळ्यात हेच पोर
गोठल्या समुद्रावर अकरा जणांत धावेल,
आणि बर्फ पातळ लागला की
ती हळूच म्हणेल, थांब.
तेवढंच
वाऱ्यातून त्याला ऐकू यायला हवं.

सुईत दोरा जात नाही.
ती टोक ओठांत ओलं करते.
पिल्लू बघतंय.