खिळा

कुणाच्याही घरात शिरले की मी आधी नाडी बघत नाही,
खिळा बघते.
आमच्या ग्वाल्हेरात सलाईन लावत नाहीत,
बॉटल चढवतात,
आणि चढवायला भिंत लागते.

स्टँड नर्सिंग होममध्ये.
घरी मच्छरदाणीची दांडी, खिडकीचा गज, कपड्यांची तार.
माधवगंजात एकदा मुंजीच्या फोटोचा खिळा मिळाला,
बटू तीन दिवस पलंगाखाली राहिला.
बाटली छातीच्या वर हातभर हवी,
नाहीतर रक्तच नळीत उलटं चढतं
आणि घरचे माझ्याकडे असे बघतात
जशी मीच प्यायला आलेय.

शीर कुठली, हे पुस्तकात आहे.
जेवणारा हात सोडायचा. मनगटाचा सांधा नको, वाकतो.
कोपर अगदीच नाइलाजाने.
पण शिवणाऱ्या बाई म्हणतात कात्रीचा हात नको,
आणि पागे मास्तर डावखुरे आहेत
हे मला डाव्या हाताला टोचल्यावर कळलं.

नवतपा लागला होता. कूलरची खस वाळून चुरा.
लघाटेकाका, दौलतगंजातले घड्याळवाले,
भिंतीवर एकच खिळा, त्यावर त्यांचं घड्याळ.
"काढा," ते म्हणाले. "माझ्या उशाशी ठेवा. बंद नाही करायचं."
घड्याळामागे भिंतीचा जुना रंग होता,
गोल, पोपटी.

मी चाकी फिरवून थेंब धरले.
ते डोळे मिटून मोजत होते.
"बावीस पडतायत."
वीस थेंबांचा एक मिली, काका, दोन इकडेतिकडे चालतं.
"माझ्या दुकानात नाही चाललं कधी."
पुन्हा चाकी. पुन्हा मोजणं.
स्वयंपाकघरात नळही ठिबकत होता,
त्याच्याखाली काकूंनी पितळी गंज ठेवलेला.
"तो नऊ," काका म्हणाले. "वायसर गेलाय."

काकू अचलेश्वराला जाऊन आल्या होत्या.
पिंडीवर गळती बांधलीय म्हणाल्या, चार महिने उतरवायची नाही.
शेजारची मुलगी हसली:
"गलती? किसकी गलती?"
कुणीच समजावून सांगितलं नाही.

अकरा दिवस. डावा हात, मग उजवा, मग परत डावा.
शिरा दोऱ्यासारख्या झाल्या, सुईखाली सरकायच्या.
बाराव्या दिवशी मला फोन आला नाही.

पैसे राहिले होते, म्हणून गेले, आषाढ संपता संपता.
पाऊस इकडे उशिराच येतो, आला तर.
घड्याळ अजून उशाशीच होतं, चालू.
खिळ्यावर काही नाही. पोपटी गोलात एक कोळी.

काकूंनी मला गच्चीत नेलं.
मोगऱ्याच्या कुंडीवर, छत्रीच्या मोडक्या दांड्याला
उलटी टांगलेली बाटली, बूड कापलेलं,
वर बोरवेलचं पाणी. नळी मातीत खुपसलेली.
सुई मीच तोडून नेली होती, आठवलं.

"तुम्हीच लावून द्या," म्हणाल्या,
"माझ्याच्याने एकदम धार तरी लागते, नाहीतर काहीच नाही."

झाडाला कितीही चालतं.
मी चाकीवर अंगठा ठेवला, घड्याळ मागितलं नाही.
एक, दोन...
काकू माझ्याबरोबर ओठ हलवत होत्या.
एकविसाव्याला मी थोडं आवळलं.