हातचा

गावाचं नाव मोबाईल, राज्य अलाबामा.
अकोल्याहून फोन आला की मावसभाऊ अजून म्हणतो,
अगं नंबर नको, गाव सांग.

तर या गावी ऑगस्टात हवा श्वासात घ्यायची नसते,
चावून गिळायची असते.
आणि विद्याधरने निघताना
एसी पार मेन स्विचपासून पाडला.
लेकीच्या बाळंतपणाला चाललो होतो, पाच आठवडे.
रिकाम्या घराला कशाला गारवा, म्हणाला.

परतलो तर स्वयंपाकघर पोक काढून बसलेलं.
फळ्यांच्या कडा पापडासारख्या वळलेल्या,
सिंकपाशी पाय ठेवला की
आधी कुरकुर, मग फस्.
भिजक्या पुठ्ठ्याचा वास थेट दिवाणखान्यापर्यंत.

तो उकिडवा बसला, फुगवट्यावर बोट फिरवलं.
"बिल मात्र एकशे ऐंशी डॉलरने वाचलं."

मी बॅगा आत नेल्या.

पहिली फळी उचकटली तेव्हा कळलं
अठरा वर्षं कशावर चाललो ते:
वर ओकचा फोटो, खाली दाबलेला भुसा.
एक डोळ्याएवढी गाठ
दर सहाव्या फळीवर, अगदी त्याच जागी.
रोज पुसत होते मी.
कधी दिसली नव्हती.

शेजारचे पर्विस आले, जहाजांच्या गोदीतून निवृत्त,
गुडघ्यांना रबरी वाट्या बांधून.
फळी उलटीसुलटी केली, नखाने कड टोकरली,
लिंबू पिळलेला थंड चहा अर्धा संपवला.
हा नमुना कंपनीने बंद केला, म्हणाले.
कपाटातल्या काढा.
कपाटाची जमीन कोण बघायला येतं?

मग कपाट रिकामं केलं:
इस्त्रीचं टेबल, लेकीचं क्लॅरिनेट,
कुणीतरी दिलेला फोंड्यूचा संच, रिबिनीसकट.
खालच्या फळ्या कोरड्या, ठणठणीत,
उन्हाचं तोंड न पाहिल्यामुळे दोन छटा गडद.
आणि त्यांच्याखाली सिमेंटवर
पेन्सिलीने कुणा कारागिराची वजाबाकी.
एकशे त्रेचाळीसातून अठ्ठ्याऐंशी गेले,
उरले पासष्ट.
हातचा विसरला होता बिचारा.
मग पासष्टवर काट, शेजारी पंचावन्न,
खाली दोन रेघा, रागाच्या.

विद्याधर त्यापुढे बराच वेळ उभा होता.

दोन दिवस फळ्या स्वयंपाकघरात नुसत्या आडव्या ठेवल्या.
त्यांना इथली हवा खाऊ द्या, पर्विस म्हणाले होते,
मग बसवा.
कपाटातून स्वयंपाकघरात,
सतरा पावलांचं स्थलांतर,
तरी दोन दिवस.

फळीला एका अंगाला जीभ असते, दुसऱ्या अंगाला खाच.
तिरकी धरायची, टेकवायची, हळूच खाली दाबायची;
नीट बसली की चुटकीएवढा आवाज होतो.
खिळा नाही, गोंद नाही.
तरंगती जमीन म्हणतात हिला.
विद्याधर सवयीने भिंतीला भिडवायला गेला,
सुतभरही वाया जाऊ न देता.

टेकवलीत की पुन्हा उठेल, पर्विस ओरडले,
तिला अंग फुगवायला जागा ठेवा, चहूबाजूंनी!

काय म्हणतात? त्याने माझ्याकडे बघितलं.
ऐकायला त्यांचा दक्षिणी हेल त्याला अजून जड जातो.
म्हटलं, हातचं राखून बसव म्हणतात.

त्यावर तो हसला. पाच आठवडे आणि नऊ दिवसांनी.
करंगळीएवढ्या पाचरी भिंतीशी लावत गेला,
एक, एक, एक.

आता सिंकपुढे गडद फळ्यांचं ठिगळ आहे.
पाहुण्यांना आधी तेच दिसतं.
कपाट तसंच उघडं राहिलंय; टॉवेल काढायला गेले
की तळव्यांना गार सिमेंट लागतं
आणि मी त्या पासष्टवर पाय देत नाही.

कोपऱ्यात हवा सुकवायचं यंत्र घुमतं.
रोज सकाळी विद्याधर त्याची बादली
मापाच्या भांड्याने मोजून कढीपत्त्याला घालतो.
आज पावणेतीन लिटर, सांगतो,
आणि भांडं हातात धरून थोडा थांबतो:
एवढं होतं गं घरात.