समासातले ठिपके

उतेनाच्या हॉलमध्ये, घड्याळाच्या डाव्या हाताला
माझी खुर्ची. एकवीस हिवाळे.
दिवसा दूधसंघात लोण्याचे हिशेब,
रात्री हे: कोणी टाकला, कोणी चुकवला,
कोणाच्या हातून निसटला.
बोटांना तळलेल्या काळ्या पावाचा लसूणवास,
जुन्या कागदांवर तेलाचे डाग.
तीही एक नोंदच म्हणा.

स्किर्मांतास, आठ नंबर.
सरासरी चार पूर्णांक एक.
रिबाउंड दोन. पास दीड.
दीड पास कसा देतात, मला विचारू नका.

जर्मनीहून खेळाडू हेरायला आलेल्या माणसाची नजर
त्या ओळीवरून
बर्फावर सायकल घसरावी तशी घसरली.
म्हणणार होते, थांबा जरा.
पण माझं जर्मन लोण्याच्या भावापुरतं.

त्याच रात्री पानेवेझिसचा तौत्रिमास,
एरवी बावीस करणारा, सहावर अडला.
उरलेले सोळा गेले कुठे?
जाळीत नाहीत, कागदावर नाहीत.
आठ नंबर नुसता उभा होता,
तो पोचायच्या अर्धं पाऊल आधी,
त्याच्या आवडत्या जागी,
दुसऱ्याच्या खुर्चीत बसून पेपर वाचावा
इतक्या निवांतपणे.

न पडलेल्या बास्केटला रकाना नसतो.
म्हणून मी समासात पेन्सिलीने ठिपका देते.
नियमात बसत नाही. कोणाला सांगितलेलंही नाही.

पण आकडे आंधळे, असं माझ्या तोंडून
तुम्हाला ऐकायला मिळणार नाही.
जानेवारीत त्याचे डावीकडचे रिबाउंड थांबले.
तीन सामने, तीन शून्यं,
एकाखाली एक, विहिरीत डोकावल्यासारखी.
तो सगळ्यांना सांगत होता, ठीक आहे, ठीक आहे.
बायकोलाही तेच.
गुडघा गेलाय हे डॉक्टरच्या आधी
मला कळलं होतं, आणि मी गप्प बसले,
कारण मला विचारतो कोण.

मार्चमध्ये, शेवटच्या सामन्यानंतर,
पायाला बर्फ बांधून तो माझं पेन परत द्यायला आला.
कुठल्याशा पोराच्या टोपीवर सही करायला नेलेलं.
कागद त्याला उलटा दिसत होता, तरी वाचला.
"हे ठिपके कसले?"
सांगितलं. कान तापले माझे.

त्याने बोट ठेवत ठेवत मोजले.
"अकरा नाहीत. नऊ," म्हणाला,
"हा आणि हा, दोन्ही वेळा मी उशिरा पोचलो.
चेंडू त्याच्याच हातून सुटला."

मागे झाडूवाली दिवे मालवत होती.
मी खोडरबर काढलं.
दोन ठिपके पुसले,
त्याने फुंकर मारून भुगा उडवला
आणि लंगडत बसकडे गेला.

तिथला कागद आता जरा पातळ झाला आहे.
दिव्यासमोर धरला तर दिसतो.