पन्नास वॉन

मोक्पोच्या बंदराकडून चढण चढलं की
न्हावी आणि कोळशाची वखार यांच्या मधोमध एक दार होतं,
काचांना आतून चांदीचा कागद चिकटवलेला
आणि वर पाटी: बुद्धीचा विकास.
आमच्यापैकी कुणाची बुद्धी तिथे विकसित झाली
मला अजून ठाऊक नाही.
मान्शिक तीनदा नापास झाला.
मी झाले नाही, पण ते आईच्या झाडूमुळे.

आत प्योबाई.
मांडीवर टोपली, टोपलीत चिल्लर,
शेजारी स्टोव्हवर सुकी माकली भाजत असायची.
तिचा वास, सिगारेटींचा धूर, तापलेल्या तारा,
या तिन्हींचं मिळून जे काही व्हायचं
ते केसांत घेऊन मी घरी जायचे
आणि आई दारातच ओळखायची.

पन्नास वॉनच्या नाण्यावर भाताची लोंबी असते.
एका लोंबीला तीन जीव.
तीन विमानं, नखाएवढी,
आणि वरून गोळ्यांची पेरणी.
तीन मिनिटं, फार तर चार.
मग आकडे उलटे सुरू व्हायचे,
नऊ, आठ, सात,
आणि खिशात हात घातला तर खिशात फक्त खिसा.

मागे पोरं उभी. मानेवर त्यांचा श्वास.
पुढचा नंबर आपला, हे सांगायला
नाणं पडद्याच्या कडेवर ठेवून द्यायचं, ओळीत.
त्या नाण्याला कुणी हात लावत नसे.
चोर आम्ही सगळेच होतो.
पण ते नाणं कुणी चोरलं नाही.

चोरी वेगळी होती.
बापाच्या लायटरमधला ठिणगीचा खटका काढायचा,
नाण्याच्या फटीला टेकवायचा, आणि टक.
यंत्राला वाटायचं लोंबी आली.
टक. टक. नऊ डाव.
विद्या मान्शिकची, हात माझे,
मुलीवर कोण संशय घेणार?
प्योबाईनं घेतला.
कान असा पिळला की बोटीचा भोंगा
आठवडाभर मला एकाच बाजूनं ऐकू आला.
आईला मात्र सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी हातात फडकं दिलं:
"नऊ डाव, नऊ पडदे. पूस."
पुसले. चालू पडद्यावरची धूळ बोटांना चावते
हे तेव्हा कळलं.
नववा झाल्यावर तिनं माकलीचा एक पाय तोडला
आणि न बोलता माझ्या तोंडात कोंबला.

मान्शिक आता उल्सानला जहाजांना रंग देतो.
न्हावी गेला. कोळसा कुणी जाळत नाही.
प्योबाईचं दुकान नेमकं कधी बंद झालं
कुणालाच सांगता येत नाही,
आम्ही सगळे तेव्हा कुठेतरी दुसरीकडे
दुसऱ्याच पडद्यात मान घालून बसलो होतो.

गेल्या चुसोकला लेकीला घेऊन चढण चढले.
तिथे आइस्क्रीमचं दुकान आहे. माणूस नाही.
फ्रीज, पांढराफटक उजेड, छताला कॅमेरा.
आपणच घ्यायचं, आपणच कार्ड लावायचं.
दाओननं खरबुजाचं घेतलं.
यंत्र धन्यवाद म्हणालं, दोनदा.

फरशी मात्र जुनीच होती.
फ्रीजच्या बाजूला गंजाचे चार डाग, चौकोनात,
आणि त्यांच्यापुढे एक खळगा,
स्टुलाचे पाय घासून घासून पडलेला.
मी तिथे उभी राहिले. गुडघे आपोआप वाकले.
डाव्या हाताची मूठ वळली.
"आई, काय करतेस?"
वर पाहिलं. कॅमेऱ्याचा लाल ठिपका.
एवढ्या लखलखीत दुकानात
कान पिळायला एक माणूस असू नये!

पाकिटाच्या तळाशी एक लोंबी सापडली.
ती फ्रीजच्या काचेच्या कडेवर ठेवली.
दारापाशी दाओन थांबली. "नाणं विसरलीस."
म्हटलं, नाही गं,
नंबर लावलाय.