मागची सीट

तेवीस वर्षं मी सातारा पाहिला
तो ह्यांच्या शर्टाच्या पाठीआडून.
डाव्या खांद्यावरून दुकानांच्या पाट्या,
उजव्या खांद्यावरून समोरून येणारी एसटी,
मधे इस्त्रीची घडी आणि कॉलरवरचा घामाचा काठ.
पोवई नाक्यापासून माची पेठ कुठल्या अंगाला,
विचारलं असतंत
तर मी शर्टाचा रंग सांगितला असता.

"हिला दिशा कळत नाहीत," हे पाहुण्यांना सांगत,
कौतुकानंच,
एखाद्याला कारलं चालत नाही म्हणावं तसं.
एकदा राजवाड्यावरून एकटी निघाले,
मंगळवार तळ्याला दोन फेऱ्या झाल्या
आणि पुन्हा राजवाडा.
घर चारशे पावलांवर, रिक्षाला चाळीस रुपये.
कुणाला बोलले नाही.

मग जिन्यात पाय सटकला. सात आठवडे प्लास्टर.
शार्दूल, नणंदेचा, कराडहून आला,
टीव्हीला त्याचं यंत्र जोडलं
आणि कंट्रोलर हातात दिला.
"मामी, तू नुसती फिर. लढायचं मी बघतो."

फिरले.
घोडा होता. त्याचं नाव मी ठेवलं बत्तासा.
बर्फ होता, नदी होती,
लांब एका टेकडीवर मोडकं घंटाघर.
पहिला दिवस एकाच जंगलात गेला.
दुसऱ्या दिवशी दरीत पडले, तीनदा.
चुकीच्या पुलावरून चुकीच्या गावात शिरले,
तर तिथं कुणी हसलं नाही,
एक कोंबडी तेवढी बाजूला सरली.

कोपऱ्यात वाटोळा नकाशा असायचा, बाण दाखवणारा.
मी बाणाकडंच बघायची,
कॉलरकडं बघायची सवय.
शार्दूलनं तो घालवला.
"आता घंटाघर बघ, मामी.
ते कुठं आहे, त्यावरून तू कुठं."

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी बत्तासाला घेऊन
अंधारात, पावसात, घंटाघर पाठीशी ठेवून
नदीपर्यंत गेले. आणि परत आले.
परत येणं जास्त अवघड असतं,
सगळं उलट्या अंगानं दिसतं,
ओळखीचं झाडसुद्धा पाठ फिरवून उभं.

प्लास्टर निघालं, तोवर ह्यांचा मोतीबिंदू आला.
गाडी मला यायची, पण पेठेच्या आत, दुधापुरती.
सदर बझारमधून निघालो, ह्यांच्या डोळ्यावर पट्टी,
आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर.
नाक्याखालच्या रस्त्यात शिरलो.
वर सिमेंट, दोन्हीकडं भिंती, पुढं फाटे,
आणि किल्ला दिसेना.
"उजवीकडं घे," मागून आवाज.

किल्ला दिसत नव्हता,
पण डाव्या कुशीला होता.
ऊन कुठल्या बाजूनं येतंय
हे डोळे मिटूनही कळतं ना, तसा.
मी सरळ गेले.
वर आलो तेव्हा अजिंक्यतारा जिथं असायला हवा तिथंच,
माथ्यावर टॉवरचा लाल दिवा.
"कुठं आलो?" ह्यांनी विचारलं.
"टॉवर दिसतोय का बघा," म्हटलं,
मग पट्टी आठवली.

शार्दूल कॉलेजात सांगतो, गेममुळं मामीचं डोकं सुधारलं.
असेल.
मला वाटतं, चुकायला जागा मिळाली.
दरीत पडून परत उभं राहायला
कुणाची परवानगी लागली नाही,
एवढंच.

आता भाजीला जाताना मुद्दाम
एखादं वळण चुकीचं घेते.
परवा चिमणपुऱ्यात एक बोळ सापडला,
त्यात छत्र्या दुरुस्त करणारा माणूस,
बागवान आडनावाचा, तीस वर्षं तिथंच बसतो म्हणाला.
आमच्या घरी दोन मोडक्या छत्र्या आहेत.
हे अजून विचारतात, एवढा वेळ कुठं होतीस.
मेथी थोडी सुकलेली असते.